गावंडे कंपाउंडरांचा हसरा बैल

छापखान्यात येणाऱ्या माणसांची तक्रार ठरलेली असते. लग्नपत्रिकेचं प्रूफ हातात घ्यायचं, आधी घरातल्या थोरल्याचं नाव शोधायचं आणि मग दुखावलेल्या आवाजात म्हणायचं, "आमच्या आजोबांचं नाव बारीक झालं हो." अकोल्यात छापखाना चालवताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की आजोबांचा टाइप मी विचारायच्या आधीच एक घर मोठा लावत असे. पण बैलाचं नाव बारीक झालं म्हणून प्रूफ परत करणारा माणूस आयुष्यात एकच भेटला. भाऊराव गावंडे, कंपाउंडर.

मूर्तिजापूरच्या पलीकडे एका बाजाराच्या गावात गुरांचा सरकारी दवाखाना होता. तिथे डॉक्टर बदलत राहायचे, गावंडे तेवढे राहायचे. औषधाच्या बाटल्यांवर चिकटवायची लेबलं संपली की ते पॅसेंजरनं अकोल्याला येत. ते दारात दिसायच्या आधी टर्पेंटाइन आणि फिनेल यांचा मिळून एक वास आत येई. आमचे म्हातारे कंपोझिटर रहीमचाचा टाइप जुळवता जुळवता मान वर न करता म्हणत, "आ गया अत्तरवाला." मग धोतर, खाकी कोट, काळी टोपी आणि कोटाच्या खिशातून डोकावणारं बाटलीचं बूच, अशा क्रमानं गावंडे आत येत.

पहिल्या भेटीत त्यांच्याकडे अमरावतीच्या वरच्या ऑफिसातून आलेला लेबलाचा नमुना होता. चार बोटं रुंद, तीन बोटं उंच, आणि त्यात अकरा ओळी. सगळ्यात वर दवाखान्याचं लांबलचक नाव, त्याखाली डॉक्टरांचा हुद्दा, मग केस नंबर, तारीख, मालकाचे नाव, मुक्काम पोस्ट, जनावराचे नाव. औषध किती द्यायचं आणि कसं द्यायचं, हे तळाशी, मुंगीनं लिहावं इतक्या बारीक अक्षरात. मी नमुन्याबरहुकूम प्रूफ काढलं. गावंड्यांनी ते हात लांब करून पाहिलं, मग उलटं धरून पाहिलं आणि म्हणाले, "बापू, हे असं उलटंच छापा."

"म्हणजे?"

"खालचं वर, वरचं खाली. बैलाचं नाव ठसठशीत, औषधाचं त्याहून ठसठशीत. सायबाचं नाव ऱ्हाऊ द्या बारीक. सायब काई औषध पेत नाई."

मी हसलो. ते हसले नाहीत. गावंडे विनोद करतात की नाही, हे मला वीस वर्षांच्या ओळखीत कधी नक्की कळलं नाही.

ते लेबल मी उलटं छापलं. पुढच्या खेपेला ते पुन्हा हजर. आता तक्रार मालकाच्या नावाच्या ओळीची. बाजाराच्या दिवशी पुरुष बाजारात अडकलेले असत आणि औषध न्यायला बायका येत. नवऱ्याचं नाव घेणं त्या काळी बाईमाणसाला शक्यच नव्हतं.

"मी इचारलं, बाई, मालकाचं नाव सांग. थे मान खाली घालून उभी. मंग म्हनलं, बरं बैलाचं सांग. तं थे बी सांगत नाई. म्हने, माह्या सासऱ्याचं बी थेच नाव हाय. आता बोला!"

"मग काय लिहिलंत?"

"मालकाच्या ओळीत लिवलं, 'खिडकीत उभी हाये तिचा नवरा.' बैलाच्या ओळीत लिवलं, 'एक शिंग वाकडं.' डॉक्टर मले म्हनते, गावंडे, हे काय चालवलंय तुम्ही?" डॉक्टर पुण्याकडचे होते, त्यांचं वाक्य गावंडे त्यांच्याच नाकातून म्हणून दाखवीत.

या माणसाला लेबलाचा एवढा ध्यास का, हे मला एकदा मालाचं गाठोडं पोचवायला मी स्वतः त्या गावी गेलो तेव्हा कळलं. दवाखान्याच्या खिडकीशी रांग होती. गावंडे बाटली बाहेर देत, समोरचा ती धरी, पण गावंडे हात सोडत नसत. बाटली दोघांच्या हातात.

"काय सांगतलं?"

"प्याले द्याचं."

"कवा?"

"गुरं सुटाच्या वक्ती अन् गुरं घरी येतात तवा."

"किती?"

"एक दात." दात म्हणजे बाटलीच्या अंगावर चिकटवलेल्या कागदी पट्टीची एक खाच. करवतीसारखी कातरलेली ती पट्टी गावंडे स्वतः कापत. उत्तर बरोबर आलं की हात सुटे. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. एक पैलवान गडी तर वैतागून बाटली ओढायला लागला. गावंड्यांनीही ओढली. खिडकीच्या दोन्ही बाजूंनी रस्सीखेच चालू, आणि डॉक्टर आतून पाहताहेत!

खिडकीच्या आत, फळीवर, दोन रिकाम्या बाटल्या वेगळ्या ठेवलेल्या होत्या. एक निळसर, एक पांढरी. लेबलं पिवळी पडली होती, पण अक्षर छापल्यासारखं सुंदर होतं. दवाखान्यात बाटल्यांची एवढी टंचाई, लोकांना घरून बाटल्या आणाव्या लागत, आणि या दोन अशाच. मी विचारलं.

गावंडे पट्टी कापत होते. ते कापता कापताच बोलले.

"नवीन होतो तवाची गोष्ट. एका घरी दोन बाटल्या देल्या. एक प्याची, एक लावाची. गायीच्या सडाले सूज होती. लेबल असं लिवलं का मास्तरनं शाबासकी द्यावं. घरी बाई एकली. तिले अक्षर वळखू येत नाई. लावाची बाटली तिनं पाजली." कात्री थांबली. "गाय गेली. बाई दुसऱ्या दिवशी दोन्ही बाटल्या घेऊन आली. रडली नाई, भांडली नाई. इथं ठेवल्या अन् म्हने, भाऊ, कोनती कोनती होती थे आता सांग."

गावंड्यांनी कात्री पुन्हा चालवायला घेतली.

"वाचनाऱ्याले कोनी बी सांगन, बापू. न वाचनाऱ्याले काय सांगता, थे बोला."

हे त्यांचं पालुपद. पुढे मी ते किती वेळा ऐकलं याची गणती नाही. त्यांना असं लेबल हवं होतं, जे चुकणारच नाही. त्यांच्या नोकरीचा, जिवाचा, झोपेचा सगळा गुंता त्या चार बोटं कागदात होता. आणि मी तो कागद छापणारा. त्यामुळे माझ्याही डोक्याचं भजं व्हायला लागलं.

एकदा ते आले आणि म्हणाले, "अक्षरं ऱ्हाऊ द्या. चित्र काढू."

माझ्याकडे चित्रांचे ठसे होते ते असे: गणपती, कलश, हत्ती, आणि एका सर्कशीची जाहिरात छापून उरलेले वाघ आणि विदूषक. गावंड्यांनी सगळे ठसे टेबलावर मांडून मुलगी बघावी तसे पाहिले आणि नापसंत केले. शेवटी रहीमचाचांनी सागाच्या तुकड्यावर बैलाचं तोंड कोरलं. तोंड उघडं, म्हणजे औषध प्यायचं. पण चाचांनी आयुष्यभर नक्षी कोरलेली. ओठांना त्यांनी अशी काही वळणं दिली की बैल खदखदून हसतो आहे असं वाटे. दुसरा ठसा पायाचा. म्हणजे औषध लावायचं.

"चाचा, बैल हासून राह्यला," गावंडे म्हणाले.

"अच्छा हो गया होगा," चाचा म्हणाले.

हसऱ्या बैलाची लेबलं लाल शाईत छापून गेली. मला वाटलं, सुटलो. पंधरा दिवसांत गावंडे परत.

आधी एक म्हातारी आली होती. तिनं बाटलीवरचं चित्र बोटानं चाचपलं आणि म्हणाली, "हे तं बैलाचं औषध हाय. माही बकरी हाय." गावंडे म्हणाले, बैल पेऊन राह्यला ना, तशी बकरी पेईन. म्हातारी म्हणाली, "मंग बैलालेच द्या," आणि बाटली ठेवून निघाली. गावंडे तिच्यामागे धावत वेशीपर्यंत गेले.

मग एक शेतकरी आला. जुवानं बैलाचा खांदा सोलून निघाला होता. त्याला पायाच्या चित्राचं औषध दिलं. आठ दिवसांनी बैल घेऊन तो तक्रार करायला आला. खांदा तसाच, पण पुढचा उजवा पाय तेल लावून आरशासारखा चकचकीत! चित्रात पाय होता, तर बिचारा दोन वेळा पायाला चोळत होता. गावंड्यांनी त्याला एका शब्दानं दोष दिला नाही.

"त्यानं बरोबर वाचलं, बापू. माहं चुकलं."

मग पाय रद्द झाला आणि त्या जागी हात आला. माणसाचा उघडा पंजा. हातानं चोळायचं. चाचांनी तो स्वतःचा हात कागदावर ठेवून काढला. करंगळी थोडी वाकडी होती, ती ठशातही वाकडीच राहिली.

आणि आता कुठे लेबल बसतंय असं वाटत असतानाच निवडणूक आली.

त्या काळी एका मोठ्या पक्षाचं निशाण बैलजोडी होतं. कुणीतरी अमरावतीला अर्ज ठोकला की सरकारी दवाखान्यातून औषधाच्या बाटल्यांवर बैल छापून उघड प्रचार चालू आहे. चौकशीला मोठे साहेब यायचे ठरले. डॉक्टर गर्भगळित झाले. गावंड्यांना नोकरीची धास्ती होतीच, पण त्याहून मोठी भीती लेबल बंद होईल ही. आदल्या आठवड्यात ते छापखान्यात आले आणि चाचांकडून उर्दूत दोन चिठ्ठ्या लिहून घेऊन गेले. कशाला, ते सांगितलं नाही. चाचांना मी विचारलं तर ते म्हणाले, "मैंने लिखा, समझा नहीं."

छापणारा म्हणून मलाही बोलावणं होतं. साहेब खुर्चीत, डॉक्टर भिंतीला टेकून, मी दाराशी, गावंडे टेबलासमोर. साहेबांनी बाटली उचलली.

"हा बैल कशासाठी?"

"प्याचं औषध हाय म्हून, साहेब."

"कुणाचा बैल आहे हा?"

"रहीमचाचाचा."

साहेब सावरून बसले. "हे रहीमचाचा कोणत्या पक्षाचे?"

"टाइप जुळवतात, साहेब."

डॉक्टरांनी डोळे मिटले. साहेबांनी बाटली फिरवली. "निशाण बैलाचं आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"निशानावर जोडी हाय. हा एकलाच हाय. अन् हासून राह्यला."

"आणि एका घरी अशा दोन बाटल्या गेल्या तर?"

गावंड्यांनी टोपी काढली, विचार केला आणि अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाले, "मंग जोडी होते, साहेब. थे खरं हाय."

मला वाटलं, संपलं. पण गावंड्यांनी कोटाच्या दोन खिशांतून दोन बाटल्या काढून साहेबांपुढे ठेवल्या. दोन्हींवर चाचांच्या उर्दू चिठ्ठ्या चिकटवलेल्या.

"साहेब, सांगा. कोनती प्याची अन् कोनती लावाची?"

"हे काय? मला उर्दू वाचता येत नाही."

"माहं गाडं तथीच अडून राह्यलं. थ्या बाईले मराठी वाचता येत नोती."

साहेबांना अर्थातच कोण बाई ते कळलं नाही. चेहऱ्यावर पूर्ण गोंधळ. पण माणूस हुशार; त्यांनी बूच काढलं, वास घेतला, मान मागे झटकली. "ही लावायची."

"बरोबर. तुमाले टर्पेंटाइन मालूम हाय. थ्या बाईनं बी वास घेतला होता, साहेब. तिले वाटलं, हे तेज हाय, म्हनजे हेच गुनकारी, हेच पाजाचं." आणि फळीवरच्या त्या दोन बाटल्यांकडे त्यांनी नुसतं बोट केलं.

बाहेर खोड्यात बांधलेली एक म्हैस ओरडत होती. मग साहेबांनी वही मागवली, तीत 'पाहिले' एवढा एकच शब्द लिहिला आणि उठता उठता म्हणाले, "मतदान होईपर्यंत बैल बंद." डॉक्टरांनी 'पाहिले'चा अर्थ 'बंद करा' असा घेतला. गावंड्यांनी 'चालू द्या' असा. साहेबांना काय म्हणायचं होतं, ते त्यांनाही माहीत असेल असं मला वाटत नाही.

दीड महिना बैलाच्या जागी काय घालायचं? मी हत्तीचा ठसा काढला. चाचा म्हणाले, "बापू, हाती भी खडा है." खरंच, हत्तीही कुणाचंतरी निशाण होता. दिवा, झाड, झोपडी, ज्याला हात लावावा ते उभं. शेवटी उरला तो सर्कशीचा विदूषक, तोंड वासून हसणारा. दीड महिना त्या भागातल्या गुरांनी विदूषकाच्या बाटलीतलं औषध प्यायलं. चूक एकही झाली नाही. फक्त एका शेतकऱ्यानं बाटली निरखून गावंड्यांना हळूच विचारलं, "कंपोंडर साहेब, हा कोन उभा हाय? माणूस तं बरा दिसते."

बैल परत आला. पुढे डॉक्टर बदलले, नवे आले, औंस जाऊन मिलिलिटर आले, त्याचाही एक वेगळा धुडगूस झाला. पण पट्टीवरचा दात दातच राहिला. मग गावंडे निवृत्त झाले आणि अकोटकडे आपल्या गावी राहायला गेले. जाताना छापखान्यात आले. उरलेली लेबलं त्यांनी सोबत ठेवली होती. मी विचारलं, "भाऊराव, जमलं का हो शेवटी? न चुकणारं लेबल?"

ते म्हणाले, "काय मालूम. ज्याचं चुकलं नाई, थो सांगाले कायले येते?"

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. चाचा गेल्यावर त्यांचे ते दोन ठसे मी जपून ठेवले होते. काही कामानं अकोटला गेलो, तेव्हा ते गावंड्यांना द्यावेत म्हणून गाव शोधत गेलो. बसथांब्यावरून घर विचारलं, तर एका बाईनं उलट विचारलं, "कोनते, बैलाची बाटलीवाले?"

गावंडे खाटेवर होते. खूप बारीक झाले होते. खोकला आणि गुडघे, दोन्ही एकदम मागे लागलेले. मला पाहून हात वर केला, बोलायला गेले आणि खोकत बसले. त्यांच्या पत्नी, कौसाबाई, आतून पाणी घेऊन आल्या. कोनाड्यात औषधाच्या दोन बाटल्या होत्या. एक निळसर, एक पांढरी. त्या मी लगेच ओळखल्या. इतकी वर्षं ज्यांत पाण्याचा थेंब पडू दिला नव्हता, त्या घासूनपुसून लख्ख केल्या होत्या आणि त्यांत माणसांच्या डॉक्टरांचं औषध भरलं होतं. एकीवर हसरा बैल. दुसरीवर वाकड्या करंगळीचा हात.

खोकला थांबेना. मी कोनाड्याशी उभा होतो. घाईघाईनं एक बाटली उचलून कौसाबाईंपुढे धरली. त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली.

"ठेवा थे! थो हात हाय, दिसत नाई का? गुडघ्याचं हाय थे."

मी छापखानेवाला. सगळं आयुष्य अक्षरं वाचण्यात गेलेलं. मी बाटली खाली ठेवली. खाटेवर गावंडे खोकत होते, पण माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे असे चमकत होते की मला क्षणभर भीती वाटली.

कौसाबाईंनी निळी बाटली घेतली. मग काहीतरी आठवून ती माझ्यापुढे धरली. "भाऊ, तुमी वाचता ना? ह्याच्यावर त्यायनं सोताच्या हातानं काय लिवलं, वाचून सांगा बरं. मी इचारलं का नुसते हासत राह्यतात."

लेबलावर तेच सुंदर अक्षर होतं, जरासं थरथरलेलं. मी वाचलं. "मालकाचे नाव: कौसाबाई."

"हं. अन् त्याच्या खाली?"

मी गावंड्यांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. हसायचं की काय करायचं, मला कळेना.

"जनावराचे नाव," मी वाचलं, "भाऊराव."

कौसाबाईंनी पदर तोंडाशी नेला. उभा जन्म जे नाव त्यांनी घेतलं नव्हतं, ते मी त्यांच्या घरात मोठ्यानं वाचलं होतं, आणि तेही असं. आता रागावतात की काय, असं मला वाटलं. त्यांनी पदर सोडला, बाटली उजेडाकडे धरली, पट्टीवरचा एक दात बोटानं मोजला आणि वाटीत औषध ओतलं.

"बरोबर लिवलं हाय," त्या म्हणाल्या. मग खाटेशी बसल्या, एक हात त्यांच्या मानेखाली घातला. "अवो, आ करा. चित्रात हाय तसं."

गावंड्यांनी तोंड उघडलं. रहीमचाचांनी कोरलं होतं, अगदी तसंच.